मंत्रिमहोदय, माहिती एकदाच मागा

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी मानखुर्दच्या एका अनुदानित शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. गेल्या सोमवारी गणिताच्या तासाला ग्रुपवर निरोप आला: मुले-मुली, प्रवर्गनिहाय, आधार असलेले व नसलेले. अति तात्काळ. दुपारी दोनपर्यंत. निरंक असल्यास निरंक कळवा. हीच माहिती मी राज्याच्या सरल पोर्टलवर भरली आहे, केंद्राच्या यू-डायस प्लस पोर्टलवर भरली आहे, जूनमध्ये एक्सेलमध्येही पाठवली आहे. चौथ्यांदा पाठवली. फळ्यावरचे समीकरण अर्धेच राहिले.

मी संगणकाच्या विरोधात नाही. उलट, माझी तक्रार अशी आहे की आपला संगणक अजून आमच्या जनरल रजिस्टरएवढाही शहाणा झालेला नाही. मुख्याध्यापकांच्या कपाटात ते जाडजूड रजिस्टर आहे, कोपरे झिजलेले. त्यात एका मुलाला एक क्रमांक आणि एक ओळ. मूल शाळा सोडून गेले तरी तो क्रमांक दुसऱ्याला मिळत नाही, दाखल्यावरही तोच येतो, आणि जन्मतारीख वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत मांडून ते तक्ते सामाईक क्रमांकांनी जोडण्याची पद्धत सुचवली. आजही जगातले कितीतरी डेटाबेस त्याच पद्धतीवर चालतात. त्यातली निम्मी शिस्त आमच्या लेखनिकांनी शाईने पाळली होती. उणीव एकच, तो क्रमांक शाळेच्या फाटकाबाहेर कुणी ओळखत नाही.

ती उणीव भरून निघेल म्हणून २०१५ मध्ये सरल आले तेव्हा आम्हाला खरोखर आनंद झाला होता. आज एका मुलाला रजिस्टरचा क्रमांक, सरलचा क्रमांक, पेन (यू-डायसचा कायमचा क्रमांक), आधार आणि अपार (देशभरासाठीचा विद्यार्थी क्रमांक) असे पाच क्रमांक आहेत. (माझ्या वर्गातल्या निम्म्यांना स्वतःचा हजेरी क्रमांक आठवत नाही, ते सोडा.) रजिस्टरमध्ये नाव मराठीत, वडिलांच्या नावासह. आधारवर ते केंद्रावरच्या मुलाला जसे ऐकू आले तसे. दोन्ही जुळले नाहीत की मूल ‘इनव्हॅलिड’. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरते, तेव्हा वर्गात समोर बसलेले मूल मोजले जात नाही आणि एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो.

आधार का आले हे मला कळते. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत पटावरची किती मुले निव्वळ कागदावरची होती, ते साऱ्या राज्याने पाहिले. पण बोगस मूल आणि वेलांटी चुकलेले मूल यांना एकच चाळणी लावली की सुक्याबरोबर ओलेही जळते.

जुलैत माझ्या वर्गात एक मुलगी आली. पुनर्वसनात लल्लूभाई कंपाउंडमध्ये घर मिळाले म्हणून कुटुंब कुर्ल्याहून इकडे आले. दाखला नव्हता. शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते की दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आम्ही तिला बसवून घेतले. पोर्टलवर मात्र जुनी शाळा तिला सोडायला तयार नाही. मी तीनदा फोन केला. ‘मॅडम, फीचं मिटलं की ड्रॉप बॉक्समध्ये टाकतो.’ (शाळा सोडलेल्या मुलांची पोर्टलवरची यादी ती ड्रॉप बॉक्स; तिथूनच नवी शाळा मूल घेते.) म्हणजे मुलगी माझ्यासमोर आणि पट त्यांचा. कायद्याने जे अडवता येत नाही ते पोर्टलचे एक बटण अडवते. म्हणून पहिले मागणे: नव्या शाळेने प्रवेश नोंदवला की ठरावीक दिवसांनी जुनी नोंद आपोआप सुटावी, एवढी सोय करणे अवघड आहे का?

दुसरे मागणे: असा आदेश काढा की जो रकाना पोर्टलवर आहे, तो कोणत्याही कार्यालयाने शाळेकडे पुन्हा मागू नये. लागेल त्याने तिथून घ्यावा. आणि मुलांच्या आधार क्रमांकांच्या याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणे आजच बंद करा. मुलांची डिजिटल माहिती वापरायची तर पालकांची संमती लागते असे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो. आमच्या ग्रुपवर तर शाळा सोडून गेलेले शिक्षकही अजून आहेत.

तिसरी गोष्ट मागायला संकोच वाटतो, कारण ती आजवर कुणी दिलेली नाही. भरलेल्या माहितीतले काही आम्हालाही परत दिसू द्या. विहिरीत पाणी आम्ही ओततो, पोहरा मात्र आमच्या हाती नाही. कुर्ल्याच्या शाळेत ही मुलगी किती दिवस गैरहजर होती, कुठल्या विषयात अडखळत होती, हे मला कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. मी तिलाच विचारले. भागाकार येत नाही, म्हणाली, आणि चष्मा हरवलाय. ते मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

आपली,
मानखुर्दची एक वर्गशिक्षिका