चाळीस माणसांच्या आश्रमाला एका कुटुंबाचा वीजदराचा टप्पा का?

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

निराधार वृद्ध आणि मनोरुग्णांच्या एका आश्रमाचे हिशेब मी पाहतो. लोक आम्हाला धान्य देतात, कपडे देतात, वाढदिवसाला गोडाचे जेवण देतात. वीजबिल भरतो म्हणणारा देणगीदार मात्र क्वचितच भेटतो.

राज्य वीज नियामक आयोगाने निराधार, दिव्यांग आणि मनोरुग्णांच्या निवासांना घरगुती वर्गात ठेवले, याबद्दल मनापासून आभार. अडचण पुढे आहे. घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढतो, आणि हे टप्पे एका कुटुंबाचा वापर धरून आखलेले आहेत.

चौघांच्या घरात महिन्याला 200 युनिट लागली, तर माणशी 50 झाली. ते घर दुसऱ्या टप्प्याच्या वर जात नाही. चाळीस जणांच्या आश्रमात माणशी तेवढीच वीज वापरली, तरी एका मीटरवर 2,000 युनिट होतात आणि त्यांतली 1,500 सर्वांत महाग दराने लागतात. त्यावर पुन्हा 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे जितक्या जास्त निराधारांना आसरा द्यावा, तितकी प्रत्येकाची वीज महाग. हा सरळसरळ अन्याय आहे.

बचत करा, असे आम्हाला सांगितले जाते. दिवे, पंखे आम्ही केव्हाच बदलले. पण अंथरुणाला खिळलेल्या आजींच्या एअर बेडचा पंप रात्री बंद करता येत नाही. गादीतली हवा उतरली की पाठीला जखमा होऊ लागतात. ओल्या झालेल्या चादरी रोजच्या रोज धुवाव्याच लागतात.

सौरऊर्जेचे म्हणाल, तर 2019 पूर्वी छतावरील सौर प्रकल्पांसाठी सामाजिक संस्थांनाही 30 टक्के केंद्रीय अनुदान मिळत असे. त्या योजनेच्या पुढच्या टप्प्यात ते फक्त घरगुती ग्राहकांपुरते उरले. आज पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात, तेही कुटुंबांना. दर लावताना आम्ही घर, अनुदान देताना मात्र संस्था!

उपाय अवघड नाही. रहिवाशांची संख्या भागिले चार, तितक्या पटीने टप्पे वाढवावेत. महावितरणने तसा प्रस्ताव पुढच्या दर याचिकेत आयोगापुढे मांडावा. तोवर वीज कायद्याच्या कलम 65 खाली सरकारने फरकाची रक्कम अनुदान म्हणून द्यावी. शेतीपंपांसाठी सरकार असा भार उचलतेच. त्यापुढे आमची रक्कम अगदी किरकोळ ठरेल. सौर अनुदानात आश्रमांना पुन्हा सामावून घ्यावे, अशी शिफारस केंद्राकडे करावी.

रहिवाशांची नोंदवही आणि वर्षभराची बिले घेऊन, आपण बोलवाल त्या दिवशी मंत्रालयात येईन.

आपला,
एका आश्रमाचा खजिनदार