रावपुऱ्यातल्या फोटोवाल्या काकांना

काका, सा. न.

मोबाइलवर तुम्ही काही वाचत नाही, ठाऊक आहे. काकू वाचून दाखवतील, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते.

माझ्या स्वचित्रांच्या मालिकेतलं पहिलं चित्र अडलं होतं. आजची मी आणि सहा वर्षांची मी, दोघी एकाच कॅनव्हासवर. मोठी आरशात बघून रंगवलेली, धाकटी दादाच्या मुंजीच्या अल्बममधून. डोळे तेच, नाक तेच, तरी दोघी बहिणी वाटाव्यात, आणि त्याही चुलत. फाइन आर्ट्समधल्या मित्रमंडळींनी त्वचेच्या रंगावर खापर फोडलं. तुम्ही मात्र फोटो हातात घेऊन एवढंच विचारलंत, "तीळ कुठल्या गालावर गं तुझ्या?"

आरसा डावं-उजवं फिरवतो, कॅमेरा नाही. व्हॅन गॉगनं कापला डावा कान, आणि १८८९ सालच्या त्याच्या स्वचित्रात पट्टी दिसते उजव्यावर. हे आम्ही घोकलेलं. पण स्वतःचा तीळ कोण तपासायला जातं! तुम्ही मुंजीच्या रोलच्या निगेटिव्ह शोधून काढल्यात, चकचकीत बाजू कुठली न् मंद कुठली ते दाखवलंत, आणि निगेटिव्हची पट्टी पालथी ठेवून, आरशासारखं डावं-उजवं फिरवून स्कॅन करून दिलीत. त्यावरून रंगवल्यावर दोघी एक झाल्या.

खरे आभार मात्र त्याच पट्टीतल्या बाकीच्या फोटोंसाठी. अल्बममध्ये मी परकर-पोलक्यात हसतेय, आणि मुंज म्हटलं की मला तेवढंच आठवायचं. म्हणजे आठवण माझी नव्हतीच, अल्बमची होती. शेजारच्या फोटोंत मी आत्याच्या पदराआड भोकाड पसरलंय, कारण दादाचं भादरलेलं डोकं. "हे छापून कोण घेणार?" असं म्हणून तुम्ही ते तेव्हा बाजूला ठेवलेत, पण टाकले नाहीत. फोटो बघताना न्हाव्याच्या वाटीतलं पाणी, आईचं दटावणं, सगळं एकदम वर आलं. आता पुढची चित्रं त्या न छापलेल्या फोटोंवरूनच चालली आहेत. आईला ती बिलकूल आवडलेली नाहीत. "चांगला हसरा फोटो असताना?" हे रोजचं.

पहिलं चित्र पूर्ण झालंय. तेलरंग आहे, वार्निशला अजून काही महिने थांबावं लागेल. पण बघायला हरकत नाही. काकूंना घेऊन घरी या. आणि येताना स्कॅनचं बिल आणा. गेल्या खेपेला "लग्नात वसूल करीन" म्हणून टाळलंत, ते या वेळी चालणार नाही.

तुमची,
भोकाड पसरलेली