कानातला प्रत्येक आवाज मागाचा नसतो

महोदय,

सोलापुरात कानात ‘कुंई’ सुरू झाली की बोट यंत्रमागाकडे जाते. पुष्कळदा ते खरेही असते. वर्षानुवर्षे धोट्याच्या खडखडाटात पाळ्या केल्या की आतल्या कानातल्या केसपेशी मरतात, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. पण त्यामुळे निराळ्या कारणांचे आवाजही ‘मागाचाच’ म्हणून अंगावर काढले जातात, नाहीतर कानात कोमट तेल सोडले जाते. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरते. कृपया ते घालू नका.

आधी मनगटावरची नाडी धरा. आवाज ठोक्याबरोबर येत असेल तर कारण रक्तप्रवाहात शोधावे लागते: रक्तक्षय, वाढलेले थायरॉईड, कानामागच्या मोठ्या शिरेतला दोष, क्वचित मधल्या कानातली रक्तवाहिन्यांची गाठ. सोबत डोके दुखत असेल, नजर अंधुक होत असेल तर डोक्यातला दाब वाढलेला असू शकतो. डोळ्यांचा पडदा लगेच तपासून घ्या.

नाडीशी न जुळणारी टिकटिक बहुधा स्नायूंची असते. टाळूचा स्नायू झटके देतो, घशातून कानाकडे जाणारी नळी दर झटक्याला उघडते आणि ‘टिक्’ वाजते. कधी शेजारच्यालाही ऐकू येते. तपासताना तोंड मोठे उघडायला लावले की हे झटके थांबू शकतात आणि निदान हुकते. म्हणून नाकातून दुर्बीण घालून टाळू पाहावी. टिकटिक नव्याने सुरू झाली असेल तर मेंदूचा एमआरआयही लागतो.

केस कापल्यावर जबडा हलवताना कुरकुर होऊ लागली, तर कानाच्या पडद्याला चिकटलेला एखादा बारीक केसही पुरतो. काडीने तो आणखी आत जातो. डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने काढतात. वजन झपाट्याने उतरल्यावर स्वतःचाच श्वास कानात घुमतो, आडवे झाल्यावर कमी होतो: तेव्हा घशातून कानाकडे जाणारी नळी उघडी राहिलेली असते. अॅस्पिरिनची मोठी मात्रा, मलेरियावरचे क्विनीन, अमिकासिन हे प्रतिजैविक यांनीही कान वाजतात. औषध मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना जरूर सांगा.

एका कानाने अचानक कमी ऐकू येऊन तो वाजू लागला तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसातज्ज्ञ गाठा. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक होतो. दोन आठवडे उलटल्यावर फारसा उरत नाही.

– एक कान-नाक-घसातज्ज्ञ, सोलापूर