कॅप्स लॉकचा दिवा लागतोय का, असं विचारणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, चहा सांग" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं लिहितेय, वाचाल तेव्हा वाचा.

सांगलीत गणपती पेठेतलं माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर आणि एकुलता एक पीसी. एप्रिल-मेच्या लग्नपत्रिकांवर वर्षाची निम्मी कमाई, आणि नेमकं तेव्हाच मशीन अडकायला लागलं. "चि. सौ. कां." टाईप केलं की स्क्रीन तशीच, माऊसचा बाण जागेवर, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा पुढं सरकेना, मग बटण दाबून बंद करायचं आणि सगळं पहिल्यापासून, आणि समोर नवरीचा मामा बसलेला. तुमच्याआधी एकाने दोनदा फॉरमॅट मारलं, मग एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बदलला, मग म्हणाला ताई मदरबोर्डच गेलाय, नवीन घ्या. दुपारी जास्त अडकायचं म्हणून मी लाईटला दोष देऊन स्टॅबिलायझर आणला, तो आता नुसता शोभेला आहे.

तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत की अडकल्यावर कॅप्स लॉक दाबला तर दिवा लागतो का. लागत नव्हता. "मग नुसता प्रोग्रॅम नाही, आख्खं मशीन अडकलंय." दुसरं विचारलंत, झिप केलेल्या फाईली कधी उघडत नाहीत का? तर हो की! मी बिचाऱ्या पेनड्राईव्हला शिव्या घालत होते. मेमरीत एखादा बिट पालटला, म्हणजे ० चा १ झाला, की चुकलेलंच डिस्कवर जातं आणि आपल्या साध्या रॅममध्ये ते पकडायची सोय नसते, हे तेव्हा कळलं.

विंडोजची मेमरी टेस्ट लावली, काही सापडलं नाही. मी म्हटलं सुटलो, तुम्ही म्हणालात तिला सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं, आणि खिशातून मेमटेस्टचा, म्हणजे नुसती मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा, पेनड्राईव्ह काढलात. त्याचं मूळ १९९४ सालचं, म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधीचं! माझ्या मशीनमधल्या रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या म्हणजे ६,८७१ कोटी घरं, प्रत्येक घरात इवलासा चार्ज, तो सारखा गळतो म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत परत भरायचा, आणि ऊन तापलं की गळती वाढते. दुपारचं कोडं तिथंच सुटलं.

रात्रभर लावून ठेवलं. पहिला पास, म्हणजे तपासणीची एक फेरी, स्वच्छ गेलेला बघून मी घरी गेले, सकाळी शटर उघडलं तर स्क्रीनवर लाल ओळी, १७ एरर, सगळ्या मेमरीतल्या जवळपास एकाच पत्त्यावर. मला वाटलं आता काढा एक पट्टी आणि द्या फेकून. तर म्हणे पत्त्यावरून पट्टी कळत नाही, दोन्ही जोडीनं चालतात, डेटा दोघींत वाटलेला असतो. मग वायर काढून, पट्ट्यांच्या सोनेरी कडा पोराच्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसून, पहिली एकटी लावली, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी एकटी. दुसरीत एरर आले. तरी तुमचं समाधान नाही, तीच उचलून दुसऱ्या स्लॉटमध्ये, एरर तिच्या मागोमाग तिकडं, आणि चांगली पट्टी दोन्हीकडं बिनतक्रार. म्हणजे मदरबोर्ड निर्दोष! दोन दिवस गेले, मी मनातल्या मनात चिडले पण होते, खरं सांगते.

वापरलेली ४ जीबीची पट्टी मिळाली तीसुद्धा तुम्ही रात्रभर टेस्ट केल्याशिवाय कामाला लावू दिली नाहीत. जुन्या फाईली तपासायला लावल्यात, त्यात तीन पत्रिका बिघडलेल्या निघाल्या, एकीत तर मुहूर्ताची ओळच गायब. छापून गेली असती तर मामांनी मला सोडलं असतं का?

शंभर रुपये घेतलेत, ते पण मीच खिशात कोंबले. खराब पट्टीवर तुम्ही लाल मार्करनं फुली मारलीत, कुणी चुकून परत लावू नये म्हणून, ती ड्रॉवरमध्ये तशीच आहे. आणि तुमचा पेनड्राईव्ह अजून माझ्याकडंच आहे, मागू नका इतक्यात, शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्या दादांचं मशीन पण दुपारी अडकायला लागलंय, आज रात्री तिथं लावणार आहे.