नेवाडात "कुणीच राहत नाही" असं कसं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुरवणीतला अमेरिकेतल्या नेवाडाच्या रोड ट्रिपचा लेख वाचला, फोटो झकासच, पण लास वेगास सोडलं की पुढे कुणीच राहत नाही हे वाक्य खटकलं. मी शेजारच्या युटात राहते म्हणून जास्तच.

नेवाडा-युटाच्या हद्दीवर स्नेक व्हॅली आहे, तिथल्या बेकर गावात शंभर माणसंही नसतील, पण रँचवाली (रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी शेतं) घरं पिढ्यानपिढ्यांची. लेखात लेहमन केव्हजचा फोटो आहे, तो लेहमन कोण ते नाही! अ‍ॅब्सलम लेहमन आधी खाणीत काम करायचा, मग इथे येऊन गुरं पाळली, फळबाग लावली, आणि 1885 मध्ये त्याला ही गुहा सापडल्यावर लोकांना फिरवून दाखवायला लागला. पाऊस जेमतेम, सगळं चालतं डोंगरावरच्या बर्फाच्या पाण्यावर आणि झऱ्यांवर, त्यावरच लसूणघास आणि गुरं.

आता खरी गोष्ट. 1989 मध्ये लास वेगासने इथलं आणि आसपासच्या खोऱ्यांतलं भूजल पाइपलाइनने न्यायचं ठरवून शंभराच्या वर अर्ज टाकले, शिवाय पुढे शेजारच्या स्प्रिंग व्हॅलीतल्या रँच पाण्याच्या हक्कासाठी विकतच घेतल्या, म्हणजे शहराचं पाणी खातं चक्क गाई-मेंढ्या पाळायला लागलं!! लोक घाबरले कारण कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीचं पाणी 1913 पासून लॉस एंजेलिसला गेलं आणि तिथला तलाव आटून नुसती धूळ उरली. मग रँचवाले, गोशूट आणि शोशोनी हे इथले मूळ रहिवासी, पर्यावरणवाले, अगदी मॉर्मन चर्चसुद्धा (त्यांचीही तिथे रँच आहे) एकत्र कोर्टात गेले आणि निकाल कधी इकडे कधी तिकडे असं करत शेवटी 2020 मध्ये शहराने माघार घेतली.

अर्थात रँचवालेही उपरेच. स्प्रिंग व्हॅलीतल्या ज्युनिपर झाडांच्या राईत एकोणिसाव्या शतकात शोशोनी-गोशूट लोकांची कत्तल झाली, एकदा नाही, अनेकदा, आणि ती झाडं जमिनीच्या अगदी जवळ असलेल्या भूजलावरच तगून आहेत, त्यामुळे शोशोनी-गोशूट लोकांसाठी हे भांडण नुसतं चाऱ्याचं नव्हतं.

अर्ज मागे घेतले तरी विकत घेतलेल्या रँच मात्र शहराकडेच राहिल्या. लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर लेखकाने बेकरला एक रात्र थांबावं आणि कुणाशी तरी पाण्याचा विषय काढावा, बोलायला माणसं मिळतील.

आपली,
एक वाचक, युटा