दुसऱ्या दिवशीची धार

अकोले,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू घ्यायची म्हणतोस त्या शेळीचे फोटो आणि व्हिडिओ मिळाले. शेजारच्या पोरीकडून मोठे करून घेऊन चार-चार वेळा पाहिले. फोनवर सांगायला बसले असते तर निम्मं राहून गेलं असतं. शिवाय हे तुला गोठ्यात उभं राहून पुन्हा वाचता यावं असं वाटतं, म्हणून कागदावर लिहिते.

शेळी देखणी आहे. पांढरं अंग, त्यावर तांबूस ठिपके, लोंबते कान, मागे वळलेली शिंगं, म्हणजे संगमनेरीच दिसते. मालक म्हणतो दुसऱ्या वेताची, म्हणजे दोनदा व्यालेली, दिवसाला तीन लिटर, किंमत अठरा हजार. तू खाली लिहिलंस, "आई, कास बघ केवढी आहे." बघितली. पण आदल्या दिवशी धार कधी काढली होती आणि फोटो किती वाजता काढला, हे फोटोत दिसत नाही. मला आधी तेवढंच हवं आहे, आणि त्यासाठी तुला तिथं रात्रभर राहावं लागेल.

आपली कबरी तुला आठवते. तिच्या आधीची शेळी आठवणार नाही, तू तेव्हा रांगत होतास. तुझ्या दुधासाठीच घेतली होती. बाजारात उभी होती, कास एवढी की चालताना मांड्यांत अडकायची. मी कानातलं मोडून पैसे दिले. त्या संध्याकाळी चरवी भरली आणि मला वाटलं, आपलं भाग्य उजळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव लिटर निघालं, संध्याकाळी त्याहून कमी. दोन दिवस धार न काढता कास तुंबवून आणली होती. आठवड्याभरात उजवी बाजू तापली, दगडासारखी घट्ट झाली, दुधात गाठी आल्या. औषधं केली, तरी ती बाजू कायमची गेली. शेळीचा काय दोष? दुखणं तिनं सोसलं आणि दूध तुला मिळालं नाही. तेव्हापासून पहिल्या संध्याकाळच्या धारेवर मी कधीही विश्वास ठेवलेला नाही.

म्हणून असं कर. शनिवारी संध्याकाळी जा. तुझ्या समोर धार काढायला लाव, अगदी सड लुळे पडेपर्यंत. ते दूध मोजूच नकोस, ते कधीपासून साचलंय कोणाला माहीत. घड्याळ बघून ठेव. करडं रात्रभर वेगळी कोंडायला सांग. बरोबर बारा तासांनी सकाळची धार तोलायची, पुन्हा बारा तासांनी संध्याकाळची. या दोन धारांची बेरीज हे तिचं दिवसाचं दूध. मापानं मोजू नकोस, फेसामुळे माप भरलेलं दिसतं; रिकाम्या भांड्याचं वजन आधी घे आणि काट्यावर तोल. करडांना उपाशी ठेवू नका, तोललेल्या दुधातलंच त्यांना बाटलीनं पाजा. मालक करडं तोडायला तयार नसेल तर करडू पाजण्याआधी आणि पाजल्यावर लगेच तोल. मधला फरक म्हणजे त्यानं प्यालेलं दूध. एक धार तू स्वतः काढ. काही शेळ्या परक्या हाताला पान्हा चोरतात, आणि उद्या तिला तुझाच हात लागणार आहे.

तीन लिटरचं म्हणशील तर मला ते पटत नाही. आपल्याकडच्या संगमनेरीनं सकाळ-संध्याकाळ मिळून लिटरभर दिलं तर मी तिला चांगली म्हणते, दीडपर्यंत गेली तर ती विकायला काढत नाही. शिवाय ती किती दिवसांची व्यालेली आहे हे विचार. शेळीचं दूध व्याल्यावर चढत जातं, चौथ्या-सहाव्या आठवड्यात शिगेला पोचतं आणि मग हळूहळू उतरतं. कोणीही विकायला काढतो ती याच शिगेच्या दिवसांत. तुझ्या तोलात सव्वा लिटर आलं तर "सव्वा लिटरची शेळी" असं मनात धरू नकोस. पहिल्या महिन्यात रोज 1.2 लिटर, दुसऱ्यात 1.3, तिसऱ्यात 1, चौथ्यात 0.7, पाचव्यात 0.4 असं धरलंस तर पाच महिन्यांत 138 लिटर होतात, म्हणजे दिवसाला एक लिटरही नाही. आणि पेंडीचा खर्च तर रोजचाच आहे. किंमत या 138 वर ठरव, फोटोतल्या कासेवर नाही. तिचं वेतही ध्यानात घे. पहिलारू शेळी कमी देते, तिसऱ्या-चौथ्या वेतात ती खरी भरते. म्हणून पहिलारू सव्वा लिटर देत असेल तर ती पाचव्या वेतातल्या सव्वा लिटरवालीपेक्षा कितीतरी मोलाची.

आणखी एक, मनाला लागेल पण सांगते. डेंग्यूच्या दिवसांत लोक दारात रांगा लावून शेळीचं दूध मागतील तो भाव देऊन नेतात, हे तू पाहिलंस आणि त्यावरच हिशेब मांडलास. त्या दुधानं रक्तातल्या प्लेटलेट पेशी वाढतात याला डॉक्टरी पुरावा नाही. घाबरलेल्या माणसाच्या पैशावर आपण दावण उभी करायची नाही. बारमाही घेणारी चार घरं आधी धर. आणि दूध उकळूनच घ्या असं प्रत्येकाला सांग. शेळीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिसचा ताप माणसाला लागतो, त्यात सांधे धरतात, महिनोन् महिने माणूस उठत नाही.

आता कास. भरलेली कास सगळ्यांचीच छान दिसते, तू रिकामी कास बघ. धार झाल्यावर ती चोळामोळा झालेल्या मऊ फडक्यासारखी लोंबली पाहिजे. दूध काढूनही ती तेवढीच मोठी आणि घट्ट राहिली तर ती मांसाची कास, तिच्यात दूध बनवणारा भाग कमी. मागे जाऊन वाक आणि बघ: कास दोन मांड्यांच्या मध्ये जितकी वर आणि जितकी रुंद चिकटलेली तितकी ती टिकाऊ. मधोमध एक खाच दिसते, ती आतल्या आधाराची खूण. तो आधार सुटला की कास दर वेताला खाली येते, काट्याकुट्यांत ओरबाडते, शेळी स्वतःच्याच पायानं तुडवते. कासेचा तळ मागच्या पायाच्या ढोपराच्या वरच असला पाहिजे. फोटोत मला तो ढोपराच्या बरोबरीला वाटला. दुसऱ्याच वेतात असं असेल तर पाचव्या वेतात काय होईल, याचा विचार कर. पण फोटो वरून काढलाय, म्हणून तू खाली बसून बघ. अमेरिकेत दुधाळ शेळ्यांना प्रदर्शनात गुण देतात, तिथं शंभरातले 35 गुण एकट्या कासेला असतात असं शेळीपालनाच्या शिबिरात आम्हाला सांगितलं होतं. मला ते अगदी पटलं.

सड दोनच हवेत, सारखे, थोडे पुढे झुकलेले, मुठीत मावतील असे. जोडसड किंवा बाजूला फुटलेला तिसरा सड असेल तर सोडून दे, तो पुढं पाटींत, म्हणजे तिच्या मादी करडांत, उतरतो. पहिल्या चार पिळ्या काळ्या फडक्यावर घे, गाठी किंवा पाणी वेगळं दिसलं तर लगेच कळेल. मग दोन्ही सडांचं दूध वेगवेगळ्या वाटीत घेऊन तेवढंच धुण्याच्या पावडरीचं पाणी घाल आणि फिरव. शेळीचं दूध निरोगी असूनही थोडं दाटतं, त्याला घाबरू नकोस. एक वाटी पातळ आणि दुसरी शेंबडासारखी तार धरणारी झाली, तर त्या बाजूला दगडी, म्हणजे कासेचा दाह, आहे. माझ्या शेळीची उजवी बाजू गेली तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

अंगाचं थोडक्यात. दुधाची शेळी खाटकाच्या नजरेनं भरलेली नसते. मान लांब, खांदे पातळ, मागे मागे अंग रुंद होत गेलेलं. बरगड्यांवर हात फिरव, दोन बरगड्यांत बोट बसलं पाहिजे, कातडी चिमटीत मऊ यायला हवी. पोट खोल हवं, कारण वैरण मावल्याशिवाय दूध येणार कुठून? तोंड रुंद. चालवून बघ, मागचे पाय एकमेकांना घासत असतील तर मध्ये कासेला जागा राहत नाही. खुरं वाढलेली असली तर तो मालकाचा आळस, ती कापता येतात. पण गुडघे सुजलेले असतील तर नको. वजनासाठी टेप ने. छातीचा घेर इंचात, त्याला त्याच घेरानं गुण, मग खांद्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीनं गुण आणि 660 नं भाग. घेर 28 आणि लांबी 26 आली तर 31 किलोच्या आसपास.

गळ्याखाली दोन लोंबत्या गाठी आहेत, म्हणून ती दुधाळ, असं मालक म्हणाला ना? त्यांचा दुधाशी काडीचा संबंध नाही. आपल्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. अजागळ हा शब्दच शेळीच्या गळ्यातल्या त्या सडांवरून आला, दिसायला सड पण दूध नाही.

दात तू बघितले नाहीस, आणि तेच मला खटकलं. खालचा ओठ ओढून बघ. सव्वा वर्षाच्या आसपास दोन पक्के दात येतात, दोन वर्षांच्या सुमारास चार, अडीच-तीनला सहा, आणि साडेतीन-चारला आठही भरून शेळी जुळते. दीड वर्षाची होऊन पहिल्यांदा व्याली आणि आठ महिन्यांनी पुन्हा, तर दुसऱ्या वेताला ती चार दाती असावी, फार तर सहा दाती. जुळलेली निघाली तर एक तर वेत खोटं सांगितलं, नाही तर मध्ये बराच काळ ती रिकामी राहिली, किंवा गाभडली, म्हणजे गर्भ पडला. यातलं कुठलं ते शांतपणे विचार, भांडू नकोस. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाभडली असेल तर ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासल्याशिवाय दारात आणू नकोस.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तू एक शेळी घेत नाहीस, तिच्या पोटच्या पाटी घेतोस. म्हणून तिची आई कुठंय ते विचार. त्याच गोठ्यात असेल तर अर्धा तास तिच्यापाशी घालव. सात-आठ वेतं झालेल्या म्हातारीची कास अजून वर असेल, पाय सरळ असतील, तर लेकीबद्दल मला निम्मं कळलं. दर वेताला करडं किती, त्यातली जगली किती, किती महिन्यांनी परत फळली, व्यायच्या आधी दीड-दोन महिने आटवली, म्हणजे धार बंद केली, होती का, हे सगळं विचार. न आटवता पिळत राहिलं की पुढचं वेत मार खातं.

मग बोकड. लोक बोकडाची उंची बघतात, भाव करतात, पण त्याच्या आईनं दूध किती दिलं हे कोणी विचारत नाही. पाटीच्या कासेत निम्मा वाटा त्याच्याकडून आलेला असतो, आणि एक बोकड वर्षात वीस-तीस शेळ्या फळवतो. तुझ्या त्या मालकाकडे एकच बोकड दिसला. तो या शेळीचा बाप तर नाही? भाऊ? ती आता गाभण आहे असं सांगून वर दोन हजार मागत असेल तर हे आधी विचार. बापलेकीच्या संबंधातून झालेली करडं मला एकदा मिळाली होती, दोन्ही कमजोर, एक चार दिवसांत गेलं. बोकड दोन वर्षांनी बदलायचाच, नाहीतर त्याच्या पाटी त्याच्याच खाली येतात. बोकडालाही छोटे सड असतात, तेही मोजून बघ. राहुरीच्या कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीचा समन्वित संशोधन प्रकल्प आहे, तिथं दूध-वजनाच्या नोंदी करून निवड करतात. तुझा स्वतःचा बोकड घ्यायची वेळ येईल तेव्हा आधी तिथं जाऊन ये. शेजारी कोणी काळी उस्मानाबादी घे म्हणेल. ती चिवट आहे, जुळी देते, पण तिची खरी कमाई मटणाची. तुला दुधाची घरं सांभाळायची आहेत.

अठरा हजार हे पैसे तू कंपनीत रात्रपाळ्या करून साठवलेत, मला माहीत आहे. सूनबाईला बरोबर ने, तिची नजर तुझ्यापेक्षा धीराची आहे. मालकानं रात्र राहू दिली नाही, तर पाणी पिऊन नमस्कार करून परत या.

पिशवीत माझी वही पाठवते. कबरीच्या पानाचा कोपरा दुमडला आहे: पहिल्या वेतात 92 लिटर, तिसऱ्यात 141, आणि खाली तिच्या चारही पाटींची नावं. त्याच्यापुढची पानं कोरी आहेत. ताणकाटाही घातलाय, जुना झालाय, पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो, तेवढे प्रत्येक तोलातून, रिकाम्या भांड्याच्याही, वजा कर आणि रविवारी संध्याकाळची धार झाली की दोन्ही आकडे मला फोनवर सांग. मी जागी असेन.

तुझी,
आई