आईची चक्कर आणि ॲक्युपंक्चर

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, तुझ्या चक्करचं कळल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कूस बदलली की खोली गरगर फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते, पण मळमळ मागे राहते. फळीवरचा डबा काढायला मान वर केली तरी तेच. आणि अशा अवस्थेत तू एकटी दादरच्या पुलावरून भाजी आणायला जातेस! ते आधी बंद कर.

बाबा, तुम्ही तिला ॲक्युपंक्चरला न्यायचं म्हणताय. माझी ना नाही. कोटणीसांचं नाव आपल्या घरात किती आदराने घेतलं जातं! 1938 मध्ये त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या डॉ. बसूंनीच पुढे ही विद्या भारतात आणली. महाराष्ट्रात तर त्यासाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून डॉक्टरांची नोंदणी विचारा आणि सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते हेही त्यांना आधीच सांगा.

पण त्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. आईची लक्षणं कानातली वाटतात. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलवताच गरगरतं. डॉक्टर तिला मान एका बाजूला वळवून पटकन आडवी करतील आणि डोळ्यांची बुबुळं कशी थरथरतात ते पाहतील. कण त्या नळीत असल्याचं दिसलं, तर डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते बाहेर काढतात. त्याला एप्लीची पद्धत म्हणतात. काही मिनिटांचं काम, पुष्कळांना एकदोनदा केल्यावरच आराम पडतो. सुईने ते कण हलत नाहीत, म्हणून आधी हे डॉक्टर आणि मग ॲक्युपंक्चर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या काकू म्हणतात तसं चक्कर मानेच्या मणक्यामुळेच येते असं समजून पट्टा बांधत बसू नका.

चिनी वैद्य चक्कर आली की यकृताचा जोर वर चढला की कफ साचला ते बघतात आणि त्याप्रमाणे मानेच्या मागे केसांखालच्या खळग्यांत, टाळूवर, पायावर सुया लावतात. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (हाताला लागणाऱ्या ताठ दोऱ्यांच्या) मधल्या बिंदूला नेइग्वान म्हणतात. मळमळीवर त्याचा उपयोग होतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. आई, तिथे अंगठ्याने हलकं दाबून बघ, त्यात काही धोका नाही.

काढे आणि पुड्या मात्र नकोत. चिनी काढ्यांत ज्येष्ठमध बऱ्याचदा असतं, आणि जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. आईला आधीच बीपीची गोळी चालू आहे. पाकिटावर काय काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर ते घरातच आणू नका.

बाबा, एवढं लक्षात ठेवा: बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, एकाचे दोन दिसू लागले किंवा आधाराशिवाय उभंच राहता येईना, तर वेळ न घालवता 108 ला फोन करा. तेव्हा कुठलीही सुई नको, गोळी नको.

आई, उठताना आधी पलंगाच्या कडेला जरा बसत जा आणि रात्री न्हाणीघराचा दिवा चालू ठेव. बाबा, उद्याच डॉक्टरांची वेळ घ्या आणि मला कळवा, मी रजा टाकून येते.

तुमची,
सुमा